नडगीचं चिलखत

आयुष्यात मी चाळीस पुरुषांच्या पोटऱ्या टेपनं मोजल्या आहेत. संपादकांनी हे वाक्य छापताना बिचकू नये. ते काम मला रीतसर नेमून दिलेलं होतं आणि त्या मापांची वही मी निवृत्त होईपर्यंत स्टोअरच्या कपाटात होती. पोटरी मोजायची तर माणसाच्या पायाशी बसावं लागतं. एरवी माझ्या खिडकीवर हातमोज्यांसाठी हुज्जत घालणारी माणसं त्या दिवशी माझ्या टकलाकडं वरून बघत अवघडून उभी होती. आपल्याकडं कुणी पायाशी बसतं ते देवळात, नाहीतर निवडणुकीच्या आधी. स्टोअरकीपरला बसलेला पाहून त्यांना शंका येणं साहजिक होतं.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. शिरोलीच्या एमआयडीसीत तेव्हा रस्त्यांपेक्षा फाउंड्र्या जास्त होत्या. त्यांतल्या एकीत मी स्टोअर आणि खरेदी सांभाळायचो. घर कुरुंदवाडचं, वडील शिक्षक, मला वाचायचा नाद. या तीन गोष्टींपैकी एकीचाही लोखंडाशी संबंध नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. कामगार मला सबनीसआण्णा म्हणत. 'आण्णा' हे प्रेमानं आणि 'सबनीस' हे माल नाकारल्यावर.

फाउंड्री म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वाळूचा साचा करायचा. भट्टीत लोखंड वितळवायचं. ते साच्यात ओतायचं. संपलं. उरलेलं सगळं शास्त्र त्या तिसऱ्या वाक्यात काम करणाऱ्या माणसाच्या पायांबद्दल आहे. वितळलेलं लोखंड नेतात ते लॅडलमधून. लॅडल म्हणजे आतून मातीचा लेप दिलेली जाड पत्र्याची बादली. तिला दोन्हीकडं लांब दांडे असतात. पुढं एक माणूस, मागं एक, पालखीसारखी उचलायची. फरक इतकाच की पालखी हिंदकळली तर देव चालवून घेतो.

लोखंडाचा थेंब कोरड्या वाळूवर पडला तर निमूट विझतो. ओलीवर पडला तर खालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि थेंब फटाक्यासारखा फुटून उडतो. उडतो तो बहुधा गुडघ्याच्या खाली. त्यामुळं आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या नडग्यांवर देवीच्या व्रणांसारखे गोल डाग असत. कुणाचे किती, यावरून नोकरी किती झाली ते सांगता यायचं.

ओतणाऱ्यांचा म्होरक्या होता हिंदूराव. पस्तिशीचा, पंचगंगेकाठच्या एका गावचा. पहाटे तालमीत पैलवानांना डाव शिकवायचा आणि मग सायकलवरून कामावर यायचा, म्हणून सगळे त्याला वस्ताद म्हणत. स्वतःही अजून गावच्या जत्रेत लांग चढवून कुस्ती धरायचा. लॅडलचा पुढचा दांडा त्याच्या हातात असला की मागच्या माणसाला निम्मंच ओझं यायचं, असं मागची माणसं सांगत. तो अनवाणी ओतायचा. मी एकदा त्याला बूट का घालत नाहीस म्हणून विचारलं, तर त्यानं मला एखाद्या नव्या पैलवानाला समजवावं तसं समजावलं.

"आण्णा, उगड्या पायावर थेंब पडला तर घरंगळून जातोय. बुटात पडला तर मुक्कामाला ऱ्हातोय."

मला हे अडाणीपणाचं वाटलं. मी तेव्हा परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग वाचत असे, आणि कॅटलॉगमध्ये अनवाणी माणसाचं चित्र कधी नसतं.

मग एका ओतकामात एकाच्या दोन्ही नडग्या भाजल्या. तो महिन्याभरात परतला, पण तेवढ्यात कारखाने तपासणारे सरकारी साहेब येऊन गेले आणि ओतणाऱ्यांना बूट आणि लेगगार्ड द्या असं लिहून गेले. आमचे मालक इंजिनदुरुस्तीतून वर आलेले होते. पत्र वाचून त्यांनी ते माझ्याकडं सरकवलं. "सबनीस, तुम्ही वाचणारे आहात. बघा काय घ्यायचं ते." वाचणाऱ्या माणसाला आयुष्यात इतकंच हवं असतं.

मी निवडीची चाचणी लावली. आवारात पायाच्या उंचीचा एक लाकडी खुंट पुरला, त्याला जुनी पँट नेसवली. त्यावर एकेक नमुना बांधायचा आणि भट्टीतून लांब दांड्याच्या चमच्यानं आणलेलं लोखंड वरून शिंपडायचं. मालकांनी कौतुकानं स्वतःचे तरुणपणीचे क्रिकेटचे पॅडही आणून दिले. ते धूर सोडत गेले तेव्हा त्यांचा चेहरा बाद दिलेल्या फलंदाजासारखा झाला. ताडपत्रीचे गार्ड पेटले. मुंबईहून मागवलेले ॲसबेस्टॉसचे ढिम्म हलले नाहीत, पण ते घालून चालणं म्हणजे दोन्ही पायांना उखळं बांधून चालणं. ते झटकले की उन्हात रुपेरी धूळ उडायची आणि आम्ही ती कौतुकानं बघायचो. पुढं वाचलं, की ती धूळ फुप्फुसात बसून माणूस मारते. आम्ही ते नाकारले होते, पण वजनामुळं. त्यात शहाणपण नव्हतं.

राहिलं कातडं. कोल्हापूरच्या माणसाला कातड्याबद्दल शिकवू नये. तरी मला एक गोष्ट नव्यानं कळली. आपल्या चपलांचं झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं, ज्याचा आपल्याला एवढा अभिमान, ते तापल्या लोखंडाखाली पापडासारखं वळलं आणि तडकलं. उलट मद्रासकडून येणारं क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या क्षारात कमावलेलं कातडं, मऊ, राखाडी, ज्याचे वेल्डिंगचे हातमोजे करतात, ते फक्त काळवंडलं. थेंब त्यावरून घसरून खाली गेला. मी वहीत 'चाचणी यशस्वी' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

हिंदूराव सगळा वेळ कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी खुंटाला पायानं ढोसून म्हणाला, "खुट गप हुबा हाय, आण्णा. माणूस नाचतोय."

सगळे हसले. मीही हसलो. आज ते वाक्य मला वहीतल्या रेघेपेक्षा महत्त्वाचं वाटतं, पण ते मी वहीत लिहिलं नव्हतं.

चाळीस ओतणाऱ्यांच्या पोटऱ्या मोजून झाल्या आणि लेगगार्ड शिवायला सिद्रामकडं दिले. शाहूपुरीतल्या एका बोळात त्याचं चपलांचं दुकान होतं. पुढं तो बसायचा, मागं त्याची बायको गंगव्वा कातड्याच्या वेण्या वळत आणि टाके घालत बसायची. ती हद्दीपलीकडच्या गावची, मराठी बोलताना मधेच कानडीत हिशेब लावायची. क्रोमचं कातडं हातात घेऊन सिद्रामनं नाक मुरडलं. "हे कातडं न्हाय, सायेब. हे रबर हाय. ह्याला वास सुदिक न्हाय." पण माप दिलं की काम चोख. गुडघ्यापासून खाली बुटाच्या नाकापर्यंत झाकणारं, नडगीवर दुहेरी, मागं मोकळं.

प्रश्न होता बांधायचं कशानं. कॅटलॉगातल्या गार्डला आत पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या होत्या, त्या पोटरीला धरून राहत. तसली स्प्रिंग कोल्हापुरात मिळेना. सिद्रामनं एका बक्कलचा नमुना केला, तो चालताना खाली सरकायचा. मला ते पसंत नव्हतं. सरकलेलं गार्ड म्हणजे नसलेलंच गार्ड. मग हिंदूरावनंच तोडगा काढला. मागून दोन लांब वाद्या काढायच्या, पोटरीभोवती दोन वेढे घ्यायचे आणि लंगोटाची गाठ मारायची. पैलवानाचा लंगोट कुस्तीत सुटला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही, म्हणून तालमीत पहिली विद्या शिकवतात ती त्या गाठीची. ओढावी तितकी ती आवळते, आणि टोकं आत खोचायची म्हणजे दुसऱ्याच्या बोटांना सापडत नाहीत. हिंदूरावनं सिद्रामच्या दुकानात फळीवर पाय ठेवून ती बांधून दाखवली. गार्ड कातडीसारखं बसलं. त्यानं दोन बैठका मारल्या, जागचं हललं नाही. मी खूश झालो. परदेशी स्प्रिंगला आपल्या मातीतलं उत्तर मिळालं, असं काहीतरी मनात आलं. अशी वाक्यं दुसऱ्याच्या भाषणात आली की मला हसू येतं.

गंगव्वानं टाका घालता घालता मान वर केली आणि विचारलं, "घालायचं कळलं. काडायचं कसं?"

मी म्हणालो, "संध्याकाळी सुटल्यावर सावकाश सोडायचं, गंगव्वा. घाई काय आहे?"

ती परत टाक्याकडं वळली.

लेगगार्ड वाटपाचा समारंभ झाला. आपल्याकडं नडगी झाकायची तरी मांडव लागतो. प्रमुख पाहुणे आले, गार्डांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. कामगार हा देशाचा कणा आहे, असं पाहुणे पाऊण तास सांगत होते. कार्यक्रम नडगीचा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. शेवटी फोटोसाठी त्यांनी हिंदूरावच्या पायाला स्वतः गार्ड बांधायचं ठरलं. त्यांना गाठ जमेना. वाकून वाकून त्यांचा चेहरा लाल झाला, तेव्हा हिंदूरावनंच खाली वाकून ती मारली आणि पाहुण्यांचा हात वर ठेवून घेतला. तो फोटो ऑफिसात बरीच वर्षं होता.

पहिले काही महिने मी छाती काढून फिरत होतो. थेंब उडायचे, कातड्यावरून घसरायचे, माणसं पाय झटकून पुढं जायची. डाग पडायचे थांबले. शिरोलीतल्या इतर कारखान्यांतली माणसं बघायला येत, आणि मी त्यांना क्रोमचं कातडं आणि चपलेचं कातडं यांतला फरक उदाहरणासह समजावून देत असे. चहा गार होईपर्यंत. हिंदूरावही आता बूट आणि गार्ड घालू लागला होता. कसा तयार झालास विचारलं तर म्हणाला, "तुमी एवढं पायाशी बसलासा. मग न्हाय म्हणाय येतंय व्हय?" गाठ मात्र सगळ्यांची तोच तपासायचा. कुणाची सैल दिसली तर तालमीतल्यासारखी शिवी देऊन आवळून घ्यायचा.

आणि एका दुपारी इंजिनाच्या मोठ्या भागाचं ओतकाम चाललं होतं. मी काही कामानं तिथंच उभा होतो, म्हणून हे ऐकीव नाही. साच्याचे दोन अर्धे भाग असतात, वर वजनं ठेवून ते दाबून धरतात. त्या दिवशी एका बाजूचं वजन कमी पडलं असावं. लोखंड भरत आलं आणि वरचा भाग किंचित उचलला गेला. सांध्यातून लोखंडाची चिळकांडी बाहेर आली, ती थेट हिंदूरावच्या डाव्या गुडघ्यावर. गार्ड गुडघ्याखाली सुरू होत होतं आणि त्याचं वरचं तोंड नरसाळ्यासारखं उघडं होतं. लोखंड त्यात शिरलं.

लॅडलमध्ये अजून निम्मं लोखंड होतं. त्यानं दांडा टाकला असता तर मागच्या माणसाचं काय झालं असतं ते सांगायला नको. हिंदूरावनं दांडा टाकला नाही. तोंडानं "टेक, टेक" म्हणत दोघांनी लॅडल कोरड्या वाळूवर टेकवली. त्यानंतर तो खाली बसला आणि गाठीला हात घातला.

गाठ सुटेना. ती सुटू नये म्हणूनच मारलेली होती. त्यात गरम झालेली वादी आणखी आवळली होती. टोकं आत खोचलेली. त्याची बोटं, मग दुसऱ्या दोघांची बोटं, एकमेकांत अडकत होती. मी कातडं कापायचा सुरा आणायला स्टोअरकडं पळालो. सुरा कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं, कारण चिठ्ठीशिवाय धारेची वस्तू बाहेर द्यायची नाही हा माझा स्वतःचा नियम. किल्ल्या खिशातच होत्या, पण पाच किल्ल्यांतली पाचवी लागली. परत आलो तोपर्यंत कुणीतरी पत्रा कापायची कात्री घालून वादी तोडली होती. खाली बुटाच्या नाड्या होत्याच. त्याही कापाव्या लागल्या.

 पाय उघडा झाल्यावर एकदा हिंदूरावनं त्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. कुस्तीत चीत झालेला पैलवान आभाळाकडं बघतो तसं तो वर पत्र्याकडं बघत राहिला.

दवाखान्यात महिनोन्‌महिने गेले. घोट्याशी आणि पावलाच्या वरच्या बाजूला खोल भाजलं होतं. मांडीची कातडी काढून तिथं लावली. पाय राहील की नाही हे पहिले पंधरा दिवस डॉक्टरही सांगत नव्हते. मालक रोज जात. मी एक दिवसाआड जायचो आणि संत्री सोलत बसायचो. चौथ्या की पाचव्या खेपेला मी धीर करून म्हणालो, की निवड माझी होती, चूक माझी.

"गाठ माझी हुती, आण्णा," तो म्हणाला. मग संत्र्याची फोड हातात घेऊन, "लंगोटाची सुटली तर अब्रू जाती. म्हणून आवळाय शिकलो. सोडायची कशी, ते कुटं कोण शिकिवतंय?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पाय राहिला. घोटा मात्र कायमचा आखडला. बैठक मारायची तर टाच उचलावी लागे, आणि टाच उचलून बैठक मारणाऱ्याला तालमीत वस्ताद म्हणत नाहीत. असं त्याचंच म्हणणं. त्यानं तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरणं सोडलं. पहाटे जाऊन कट्ट्यावर बसायचा.

लहानपणी इतिहासाच्या पुस्तकांत मी चिलखतांची चित्रं तासन्‌तास बघत असे. कड्या किती, वजन किती, तलवार लागते की नाही. ते चिलखत काढायला दोन माणसं लागत असतील, आणि घोड्यावरून ओढ्यात पडलेल्या सरदाराजवळ ती दोन माणसं नसत, हा विचार मला पन्नाशीजवळ येईपर्यंत सुचला नाही. जो निवडतो तो खुंटाला बांधून बघतो. खुंटाला कधी घाई नसते. आणि अनवाणी हिंदूरावचं म्हणणं निम्मं खरं होतं. थेंब अंगावर पडू नये हे चांगलंच, पण पडलाच तर तो मुक्कामाला राहू नये. माझ्या सगळ्या चाचण्या पहिल्या निम्म्याच्या होत्या.

मी सिद्रामच्या दुकानी गेलो. त्यानं पाट पुढं सरकवला. गंगव्वानं विचारलं, "पाय वाचला?"

"वाचला. पण आखडला." मग मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं, काढायचं कसं. मी ऐकलं नाही."

"मी बी नुस्तंच इचारलं," ती म्हणाली. "इचारून गप बसले."

त्यानंतर तिनं जुनं गार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि वरच्या उघड्या तोंडात बोट घातलं. "कौलं कशी लावत्यात, सायेब? वरचं खालच्याच्या आत घालत्यात, का वर?" एवढ्या एका प्रश्नात आमचं नवं गार्ड झालं. वर कातड्याचा लांब एप्रन, गुडघ्याखाली वीतभर येणारा, म्हणजे गार्डचं तोंड त्याखाली झाकलं जाणार. खाली गार्ड बुटावर. पँट बुटात खोचायची नाही. कुठंही वरून आलेला थेंब आत जाऊ नये, खालीच उतरत जावा. बुटांच्या नाड्या गेल्या, बाजूला इलास्टिक असलेले बूट आले. आणि वाद्यांच्या जागी बाहेरच्या अंगाला कातड्याचे दोन फास, त्यांतून घातलेली एकच पट्टी. पट्टीचं टोक मुठीत मावेल एवढं मोठं. ते खस्सकन ओढलं की दोन्ही फास मोकळे आणि गार्ड खाली.

या वेळी चाचणीला खुंट नव्हता. काठी टेकत हिंदूराव आला, खुर्ची मागवली, बसला. एकेकाला गार्ड घालून पुढं उभं केलं. तो "सोड" म्हणायचा आणि मोजायचा. तीन म्हणायच्या आत दोन्ही पाय मोकळे झाले पाहिजेत. ज्याचे झाले नाहीत त्याला परत. पहिली खेप सगळीच नापास झाली. पट्टीचं टोक जाड केलं, फास सैल केले, परत सिद्रामकडं, परत खुर्ची. तिसऱ्या खेपेला सगळे सुटले. मी वहीत काही लिहिलं नाही. नोंद खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावर दिसत होती.

मालकांनी हिंदूरावला वाळूच्या विभागात बसून करायचं काम दिलं. पण रोज लोखंड काढायला भट्टीचं तोंड फोडायच्या आधी तो लंगडत ओतकामाच्या जागी यायचा. सगळे गार्ड घालून रांगेत उभे राहायचे. तो "सोड" म्हणायचा. चाळीस जणांच्या पट्ट्या खस्सकन निघायच्या, गार्ड खाली पडायचे, आणि मग परत घालून कामाला सुरुवात. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची त्या दिवशी भट्टी बंद असे, तरी सोडणी व्हायची. नव्या माणसाला आधी काढायला शिकवायचे आणि नंतर घालायला.

एका वर्षी सुरक्षेच्या कार्यक्रमाला पुन्हा कुणी पाहुणे आले होते. भाषणाच्या भरात त्यांनी कामगारांकडं बोट दाखवून सांगितलं, की बघा, यांच्या पायांना सुरक्षा कशी घट्ट बांधलेली आहे. मागून हिंदूरावचा आवाज आला. "सोड." त्यानं ते मुद्दाम केलं की भट्टीची वेळ झाली होती म्हणून, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. चाळीस माणसांचे गार्ड एकदम जमिनीवर पडले. पाहुण्यांचं वाक्यही तिथंच पडलं. मालकांनी माझ्याकडं रागानं बघितलं आणि मग रुमालात तोंड लपवलं.

पुढच्या दहाबारा वर्षांत आमच्याकडं ओतकामात माणसं भाजलीच नाहीत असं मी म्हणणार नाही. भाजली. पण गार्डात अडकून कुणी भाजलं नाही. एवढंच मी अभिमानानं सांगू शकतो, आणि ते सांगताना एक घोटा आठवतो, म्हणून फार मोठ्यानं सांगत नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता मी निवृत्त झालो. समारंभ नको असं मी मालकांना तीनदा सांगितलं होतं. म्हणजे समारंभ होणार हे नक्की झालं. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि शेवटी कोल्हापुरी फेटा. फेटा बांधायला माणूस ठरवला होता, पण हिंदूराव पुढं आला. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या तो एकेक करून चढला, उजवा पाय आधी, मग डावा जोडीला. माझ्या टकलावर त्याचे ते जाड हात फिरू लागले. तो माझ्यामागं उभा होता आणि मी खुर्चीत बसलो होतो. पोटऱ्या मोजल्या त्या दिवशीही तो उभा आणि मी बसलेला होतो, फक्त तेव्हा हात माझे चालत होते. फेटा बसला, तुरा उभा राहिला, टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात तो माझ्या कानाशी वाकला.

"डाव्या कानामागं टोक सोडलंय, आण्णा. ओडलं की सुटतंय. घाबरू नगासा."

घरी आल्यावर आरशासमोर उभा राहून मी डाव्या कानामागं हात नेला. टोक मुठीत मावेल एवढं होतं. मी मोजायला सुरुवात केली. दोन म्हणायच्या आत सगळा फेटा माझ्या खांद्यांवर आला होता.